लीलाचं लग्न झाल्यावर दाखवणे

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ जानेवारी २००५

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ, अंगाऱ्याची पुडी आणि तुमचं चार ओळींचं पत्र गुंडू ड्रायव्हरच्या हाती पोचलं. तिळगूळ यांनी खाल्ला. माझ्या घशात तीळ अडकतात. जुलैत गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी भातसुद्धा पेजेसारखा करून घेते. तुम्हाला हे ठाऊक नसणार, कारण तेव्हापासून तुम्ही एकदाच आलात आणि चहा घेऊन पाऊण तासात उठलात. शिरोळहून एस.टी.ला दीड तास लागतो, अण्णा. मी काही काशीत राहत नाही.

रागावून लिहिते आहे असं वाटेल. रागावूनच लिहिते आहे.

परवा नवीन स्कॅनचा रिपोर्ट आला. गळ्यातली गाठ काढली, पण ती आधीच यकृतात आणि फुफ्फुसात जाऊन बसली आहे. थायरॉईडचा कॅन्सर म्हटलं की लोक सांगतात, तो सोपा, आयोडीनचं औषध प्यायचं की बरा. माझा तो नव्हे. माझ्याला मेड्युलरी म्हणतात. थायरॉईडच्या शंभर रोग्यांत तीन-चार जणांना होतो. त्याला ते आयोडीन लागू पडत नाही आणि केमोही फारशी लागू पडत नाही. हळूहळू वाढतो. किती वर्षं, ते कुणी सांगत नाही. मधल्या काळात मी काय करायचं, असं डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, जगायचं. माणूस चांगला आहे, पण त्यांच्या टेबलावरचं पेपरवेट उचलून फेकावंसं वाटलं. त्याआधी चार वर्षं आमच्या गल्लीतले डॉक्टर याच गाठीला गलगंड म्हणत होते. मीही शहाण्यासारखी मीठ बदलत बसले.

ऑपरेशनमध्ये आवाजाची एक शीर गाठीबरोबर गेली. वीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला. माझ्या आवाजानं शेवटच्या बाकावरची झोपलेली पोर दचकून उठायची. आता नुसती फुसफुस येते. हेडमिस्ट्रेसनी मला लायब्ररीत बसवलं आहे. मी हळू बोलते म्हणून समोरचाही हळू बोलतो. शेजारच्या तानाबाई तर माझ्याशी अशा कुजबुजतात, की आम्ही दोघींनी मिळून कुठं चोरी केली आहे असं बघणाऱ्याला वाटावं. दिवसातून आठ-दहा वेळा जुलाब होतात, हाही आजाराचाच भाग. हे लिहिलेलं वैनीला वाचून दाखवा. मला बोलून सांगायला लाज वाटते आणि लाज वाटते याचा संताप येतो.

डॉक्टरांनी विचारलं, माहेरी कुणाला असं काही होतं का. मी सांगितलं, नाही. आपली अव्वा काविळीनं गेली, वडील हृदयविकारानं.

मला एकच हवं आहे. हाच आजार असलेलं एखादं माणूस भेटावं. कोल्हापुरात कुणाला ठाऊक नाही. म्हणून पेपरात छोटी जाहिरात देणार आहे.

तुम्ही वडील आहात, लोभ तुमच्याकडूनच यायचा. पुढच्या वेळी तो पुडीत बांधून पाठवू नका, स्वतः घेऊन या.

तुमची,
लीला


शिरोळ
४ फेब्रुवारी २००५

चि. सौ. लीला हिला,
शिवानंदचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

पत्र पोचलं. वाचून जेवण गेलं न्हाय. तू लहानपणापासून फटकळ, त्यामुळं मी काही मनावर घेत न्हाय. सध्या उसाची तोड चालू हाय, टोळी दारात हाय, मालकानं शेत सोडलं की काम बसतं. म्हणून येणं झालं न्हाय. तुझी वैनी महानंदा दर सोमवारी तुझ्यासाठी उपास करते.

एक आनंदाची बातमी. आपल्या रक्षिताला गडहिंग्लजचं स्थळ आलंय. मुलगा इंजिनियर, माणसं आपल्यातली, पोरगी त्यांच्या मनात भरली हाय. ती म्हणते बी.एस्सी. पुरी करू द्या. मी म्हटलं, लग्न करून कर की. हट्टी हाय, तुझ्यावरच गेलीय.

तर जाहिरातीचं तेवढं मनातून काढ. नाव-गाव छापून येणार, लोक वाचणार. आपल्या घरात कॅन्सर हाय म्हटल्यावर पुढची माणसं चार प्रश्न विचारतात. तू शिकलेली हायस, समजून घे. भाऊजींना नमस्कार सांग.

थोरल्या भावाचं ऐकशील एवढी खात्री बाळगून थांबतो.

तुझा,
अण्णा


कोल्हापूर
२० मार्च २००५

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

जाहिरात दिली. तुम्ही पाहिली असेलच, कारण त्यानंतर तुमचा फोन आला नाही.

उत्तरं अकरा आली. एकानं गोमूत्र सांगितलं. एकानं कुंडली मागवली. निवृत्त मामलेदार आहेत एक, त्यांनी आठ पानं लिहून कळवलं की कॅन्सर रागीट स्वभावामुळं होतो. मी त्यांना उलट टपाली लिहिलं, की मग तुमचं पत्र वाचून माझा आणखी वाढला असणार. हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. तुमचे भाऊजी दिवसभर शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभे असतात आणि घरी येऊन माझ्यासमोर चेहरा थंड ठेवतात. बिचाऱ्यांना दोन्हीकडची धग सोसावी लागते.

अकरावं पत्र मात्र खरं निघालं. इचलकरंजीचे कृष्णात म्हणून आहेत, मागावर जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करतात. त्यांना हाच आजार सहा वर्षं आहे. गेल्या रविवारी बायकोला घेऊन आले. आवाज माझ्यासारखाच गेलेला. आम्ही दोघं बोलायला लागलो, तर यांना आणि त्यांच्या बायकोला काही ऐकू येईना, शेवटी ती दोघं स्वयंपाकघरात जाऊन पोहे करत बसली. मी त्यांना जुलाबाचं विचारलं. ते म्हणाले, ताई, इचलकरंजीतल्या समद्या संडासांचा नकाशा माज्या डोक्यात हाय. अण्णा, मी आठ महिन्यांत पहिल्यांदा माणसासारखी बसले. ते रडले नाहीत, उपदेश केला नाही, माझ्याकडं बघून च् च् केलं नाही. त्यांना जे होतं तेच मला होतं, एवढंच.

त्यांनी एक महत्त्वाचं सांगितलं. हा आजार काही घरांत आईबापाकडून मुलांत उतरतो. त्यांचे वडील गळ्याच्या गाठीनंच गेले होते. डॉक्टरांनी तिन्ही भावांचं रक्त तपासलं, धाकट्यात सापडला. अगदी सुरुवातीला होता, गाठ काढली, आता तो ठणठणीत आहे. कृष्णात म्हणाले, ह्यो आजार जमिनीवानी वाटणीत येतोय, पर बघितलं तर टळतोय. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांचाच तसा नसतो, पण भावाला आणि भाच्यांना दाखवून घ्या. तर तुम्ही आणि तुमची दोन्ही मुलं, रक्षिता आणि मल्लेश, तिघांनी येऊन रक्त द्यावं. माझ्याच घरी उतरा.

वाट पाहते. या वेळी उसाचं कारण चालणार नाही.

तुमची,
लीला


शिरोळ
२९ मार्च २००५

सौ. लीला हिला आशीर्वाद.

तू जे केलंस ते बरं केलं न्हाईस. बाजारात गणपतराव सावकाशीनं माझ्याजवळ आले आणि विचारलं, की शिवानंद, पेपरातली ती तुझी बहीणच न्हवं? चार माणसांत विचारलं. मी काय सांगायचं? गडहिंग्लजकरांनी ते वाचलं असलं तर पोरीचं काय होणार, याचा इचार तू केलास का? तुला पोरबाळ न्हाय, तुला हे कळायचं न्हाय.

आणि आता म्हणतेस पोरीचं रक्त तपासा. लग्न ठरायच्या टायमाला? कुठल्या मागवाल्याच्या सांगण्यावरनं? दवाखान्याच्या दारात आपली पोरगी कुणी बघितली तर संपलं. घरातलं दुखणं घरात ठेवायचं असतं. अव्वाच्या टायमाला मिरजेत एवढं मोठं ऑपरेशन झालं, दीड महिना तिथं ठेवली, तरी शिरोळात कुणाला कानोकान कळू दिलं न्हाय मी. बावीस वर्साचा हुतो. म्हणून तुझं लग्न चांगल्या घरात झालं. जरा त्याची जाण ठेव.

पुन्हा हा विषय काढू नये. प्रकृतीला जप.

शिवानंद


कोल्हापूर
२ एप्रिल २००५

ती. अण्णांना, नमस्कार.

मला पोरबाळ नाही, हे तुम्ही मला कळवलंत. आभारी आहे. एकोणीस वर्षांत माझ्या नजरेतून सुटलं असावं.

आता दुसरं. अव्वा गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तुम्ही सगळ्यांनी मला संकेश्वरला मावशीकडं ठेवलं होतं. परत आणलं ते थेट मातीला. तेव्हा आपल्या अप्पांनी सांगितलं, कावीळ झाली. मी सत्तावीस वर्षं तेच धरून चालले. परवा डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

काविळीचं एवढं मोठं ऑपरेशन कुठं करतात, अण्णा?

अव्वाला काय झालं होतं?

एका ओळीत उत्तर चालेल. आशीर्वाद लिहिला नाहीत तरी चालेल.

लीला


जयसिंगपूर
७ ऑगस्ट २००५

ती. आत्यास,
रक्षिताचा सा. न. वि. वि.

तुझी पत्रं आमचे अप्पा कपाटात कुलूप लावून ठेवतात. तू चार महिन्यांत पाच पाठवलीस आणि त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही, एवढं मला माहीत आहे, कारण पोस्टमन ती माझ्याच हातात देतो.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, काळजी करू नकोस. पुराचं पाणी घरात कमरेएवढं चढलं तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघालो. इथं एका शाळेत आठ दिवस आहोत. सातवी ब च्या वर्गात अकरा कुटुंबं. अम्मा एवढ्या माणसांतही शेजारच्या बाईशी चुलीवरून भांडली, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

घरातनं निघताना अप्पांनी दोनच वस्तू घेतल्या, देव आणि कागदांची लोखंडी पेटी. पेटीत पाणी गेलं होतं. काल अप्पा जनावरं बघायला गेले आणि मला कागद वाळत घालायला सांगितलं. सातबारा, खरेदीपत्रं, सोसायटीच्या पावत्या मी बाकांवर पसरून वर खडू नि डस्टर ठेवत गेले. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता, तो कोरडाच होता. मिरजेच्या दवाखान्याचा, टाईप केलेला, इंग्रजीत. १९७८ चा. नाव आज्जीचं, बसव्वा.

आत्या, तुझ्या आजाराचं जे नाव तू पेपरात छापलं होतंस, तेच त्यात आहे. शेवटी लिहिलं आहे, की हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून मुलगा आणि मुलगी दोघांना दर वर्षी तपासणीसाठी आणावे. हे मुलाला समजावून सांगितले आहे.

कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं अप्पांचं अक्षर आहे. एकच ओळ. ‘लीलाचं लग्न झाल्यावर दाखवणे.’

मग समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढली आणि मूळ कागद परत पिशवीत ठेवला. झेरॉक्स सोबत पाठवते. पाठवू की नको याचा विचार केला नाही, केला असता तर पाठवली नसती.

मला तुझ्याकडं यायचं आहे. रक्त द्यायला. मी वीस वर्षांची आहे, मला कुणाची सही लागत नाही, हो ना?

तुझी,
रक्षिता


कोल्हापूर
१७ ऑगस्ट २००५

अण्णा,

आजपासून ‘तुम्ही’ म्हणणार नाही. ‘तुम्ही’ म्हणण्यासारखं तू काही ठेवलं नाहीस.

कागद माझ्यापुढं आहे. कसा आला ते विचारू नकोस आणि घरात कुणावर हात उगारू नकोस, तसं कानावर आलं तर मी पोलिसांत जाईन.

माझं लग्न १९८६ च्या वैशाखात झालं. तू स्वतः अक्षता टाकल्यास. त्या दिवसापासून आजपर्यंत एकोणीस वर्षं झाली. त्यांत किती दिवाळ्या, किती भाऊबीजा आल्या! तू पाटावर बसलास, मी ओवाळलं, माझा गळा तुझ्या डोळ्यांपुढं होता. २००० साली मी हसत तुला दाखवलं, की बघ अण्णा, गाठ आली आहे, तर तू म्हणालास, गलगंड असेल, मीठ बदल. तेव्हा डॉक्टरांना दाखवली असती तर ती गळ्यातच सापडली असती. तेव्हा ती नुसती गळ्यात होती, अण्णा. माझा आवाज राहिला असता. मी राहिले असते.

देवाचा मला राग नाही. अव्वानं मला हे दिलं, तिच्यावर राग नाही, तिला कुठं माहीत होतं. त्या गल्लीतल्या डॉक्टरवर होता, तोही आता गेला, कारण त्याच्याकडं तो कागद नव्हता. कागद तुझ्याकडं होता.

रक्षिताला माझ्याकडं पाठव. अडवलंस तर हा कागद घेऊन मी गडहिंग्लजला जाईन. लोभाचं आज काही लिहीत नाही.

शिवलीला


कोल्हापूर
९ ऑक्टोबर २००५

ती. अप्पांना,
रक्षिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही अम्माला देता आणि स्वतः बाजूला होता, म्हणून लिहिते.

मुंबईहून आम्हा दोघा भावंडांच्या जीनचा रिपोर्ट आला. मल्लेशमध्ये तो दोष नाही. त्याला काही करायचं नाही, पुन्हा कधी तपासायचंही नाही. माझ्यात आहे. रक्तात या आजाराची खूण दाखवणारी पातळी वाढलेली आहे आणि सोनोग्राफीत डाव्या बाजूला दोन बारीक गाठी दिसल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. बाहेर कुठं गेलेलं नाही. चोवीस तारखेला ऑपरेशन. थायरॉईड पूर्ण काढणार, पुढं जन्मभर सकाळी एक गोळी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलीस. आत्या हे ऐकून खोलीबाहेर गेली आणि कॉरिडॉरमधल्या खुर्चीला लाथ मारली. नर्स बघत राहिली. मग आत येऊन तिनं माझे केस विंचरले. माझे केस विस्कटलेले नव्हते.

गडहिंग्लजला मीच फोन केला. खरं ते सांगितलं. मुलगा म्हणाला, घरच्यांना विचारतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या काकांनी कळवलं, की पत्रिकेत अडचण निघाली. तुम्ही ज्याला भीत होता ते झालं, अप्पा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस वाटलं. आत्यानं मला रडू दिलं आणि तिसऱ्या दिवशी फिजिक्सचं पुस्तक समोर ठेवलं.

डॉक्टरांनी एक सांगितलं आहे, ते तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. आज्जीकडून हे माझ्यात थेट येत नाही. मधे तुम्ही आहात. म्हणजे ते तुमच्यातही असणारच. शंका नाही, हिशेब सरळ आहे.

मी तुमच्यावर चिडले आहे. तरी ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही यावं असं वाटतं. दोन्ही खरं आहे.

तुमची,
रक्षिता


शिरोळ
११ जानेवारी २००६

लीला,

आशीर्वाद लिवायचा धीर होईना, म्हणून नुसतं नाव लिवलं.

पोरीच्या ऑपरेशनला मी आलतो. आत आलो न्हाय. दवाखान्याच्या समोर चहाच्या गाड्यामागं दिवसभर हुतो. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या जिन्यापत्तूर आलो, तर पोरीनं पाणी मागितलेलं ऐकलं. मोठ्यानं मागितलं. आवाज शाबूत हाय हे कळलं, तसा मागं फिरलो. तू दारात उभी हुतीस. तू बघितलंस मला, मला म्हाईत हाय. हाक मारली न्हाईस, बरोबर केलंस.

आता सांगतो. मिरजेच्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं हुतं. पाणी दिलं, मग सांगितलं. बहिणीला घेऊन ये, म्हणाले, तूबी ये. मी अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, पोरीचं लग्न व्हायचं हाय, तोंड मिटून ठेव. मी पेन्सिलीनं लिवून ठेवलं, म्हणजे इसरायला नको. तुझं लग्न झालं. तेव्हा वाटलं, नवीन नवीन हाय, सासरची काय म्हणतील, एक वरीस जाऊ दे. मग तुला मूल होईना, वाटलं, हिच्या मागं आधीच एक दुखणं हाय. मग अप्पा गेले. मग वाटलं, इतकी वर्सं झाली, काही झालं न्हाय, म्हणजे डॉक्टरचं चुकलं असणार. दर वर्सी नागपंचमीला पेटी उघडायचो, कागद बघायचो, परत ठेवायचो. तू गाठ दाखवलीस तेव्हा तोंडातनं मीठ असं निघालं. का निघालं, मला आजबी कळत न्हाय. माफी मागत न्हाय. माफी मागण्याजोगं हे न्हाय.

माझ्याबी मानंत गाठ हाय. उजव्या बाजूला, दोन वर्सं झाली. जुलाबबी हायेत, महानंदाला वाटतं ताकानं होतंय. पोरीनं लिवायच्या आदीच मला म्हाईत हुतं. पर मी तपासणार न्हाय. तुला जे भोगायला लावलं ते मी भोगतो. हीच माझी शिक्षा. पोरं मार्गी लागतील, जमीन हाय. तू त्यांच्यावर लक्ष ठेव.

एवढंच लिवायचं हुतं.

शिवानंद


कोल्हापूर
१५ जानेवारी २००६

अण्णा,
नमस्कार. (सवयीनं लिहिला गेला, राहू दे.)

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा फाडायला घेतलं, यांनी हातातून काढून घेतलं.

माफ केलं असं लिहिणार नाही. मला तसं वाटत नाही आणि माझ्याकडं खोटं वाटून घेण्याइतका वेळ नाही. नव्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी थोड्या वाढल्या आहेत. तरी मी रोज शाळेत जाते. लायब्ररीतल्या मुली आता माझ्या टेबलाभोवती कोंडाळं करतात, कारण मी सांगितलेलं ऐकायचं तर जवळच यावं लागतं. सहामाहीला भूगोलात एकही नापास नाही.

पण तुझ्या शिक्षेबद्दल लिहायचं आहे. ती तुला कुणी दिली? मी दिली नाही. रक्षितानं दिली नाही. तू स्वतःच गुन्हेगार, स्वतःच न्यायाधीश आणि शिक्षाही अशी निवडलीस, की ज्यात तुला कुणापुढं तोंड उघडावं लागत नाही! पुन्हा गप्प बसायचं, पुन्हा झाकायचं, आणि वैनीला ताकाला दोष देत बसवायचं. अण्णा, ही शिक्षा नव्हे. हा तोच गुन्हा तू परत करतो आहेस. तू असा गेलास तर रक्षिता जन्मभर म्हणेल, की माझ्या रिपोर्टमुळं अप्पा गेले. तिच्या गळ्यावर एक व्रण पुरे आहे.

शिक्षा ठरवायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे. मी ठरवली आहे, ती ऐक.

कृष्णातची आणि माझी ओळख झाल्यापासून दर महिन्याच्या चौथ्या रविवारी माझ्या घरी माणसं जमतात. आता नऊ जण येतात. सगळ्यांना थायरॉईडचाच कॅन्सर, पण आमच्यासारखा मेड्युलरी चौघांना. एक बाई बेळगावहून येते, तिला मराठी येत नाही, रक्षिता कानडीत सांगते. कुणी गोळ्यांचं विचारतं, कुणी नवऱ्याला शिव्या घालतं, कुणी नुसतं बसून जातं. आम्ही तिथं एकमेकांना धीर बिर देत नाही. खरं बोलतो, त्यानंच बरं वाटतं.

त्यात गारगोटीकडचे पिराजी म्हणून आहेत. त्यांना आमचाच आजार. डॉक्टरांनी त्यांना मुलींची तपासणी सांगितली आहे. तीन मुली आहेत, दोघींची लग्नं व्हायची आहेत. सहा महिने झाले, ते मुलींना काही सांगायला तयार नाहीत. मी सांगून पाहिलं, कृष्णातनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. ते आमच्याकडं बघून मान हलवतात आणि घरी जाऊन गप्प बसतात. आमचं त्यांना पटत नाही, कारण आम्ही आजारी माणसं. त्यांना त्यांच्यासारखा माणूस पाहिजे. तसा मला एकच माहीत आहे.

तर तू रविवारी, बावीस तारखेला यायचंस. महानंदा वैनीला बरोबर आणायचंस, आणि यायच्या आधी तिला सगळं सांगायचंस. मिरजेचा मूळ कागद आणायचास. सगळ्यांच्या समोर उभं राहून तो पिराजींच्या हातात द्यायचास, उलटा करून पेन्सिलीची ओळ दाखवायचीस, आणि मला लिहिलंस तेच, जसंच्या तसं, तुझ्या तोंडानं सांगायचंस. मिठापर्यंत सगळं. मी तिथं बसलेली असेन. मधे मी मदत करणार नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आपण डॉक्टरांकडं जाऊ. तुझं नाव नोंदवून आले आहे. वय लिहिताना एकोणपन्नास लिहिलं, चुकलं असेल तर तिथं सांग. रक्षितानं कॉलेजातून सुट्टी काढली आहे.

आला नाहीस तर मी शिरोळला येईन आणि तुझ्या दारात उभी राहीन. माझा आवाज गल्लीला ऐकू जाणार नाही हे खरं. पण रक्षिता माझ्याबरोबर असेल, आणि तिचा जातो.

राग आहे तसाच आहे. कमी झाला की कळवेन. तोवर तू जिवंत राहायचं आहेस.

तुझी धाकटी बहीण,
लीला